बायकांकडचा तिसरा बाक

काका मला सहा वर्षांत एकदाही रागावले नाहीत. जे काय रागवायचं ते देवाजवळ रागावले, आणि तेही मी समोर मांडी घालून बसलेला असताना.

जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत मला नोकरी लागली आणि टेंभुर्णीहून एक गादी आणि एक शेगडी घेऊन मी काका-काकूंच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि आठवड्यानं उघडून किती उगवलं ते बघायचं, असं माझं काम. घरून निघताना आई म्हणाली होती, "किरिस्ताव लोक हायेत म्हनं. नीट ऱ्हा बाबा." मी नीटच राहिलो. एका नळाच्या बाबतीत तेवढं जमलं नाही.

पहिल्याच रविवारी काकांनी मला दुपारी जेवायला बोलावलं. ताटं वाढून झाली. मी भाकरीला हात घालणार तोच काकांनी डोळे मिटले. मीही घाईघाईनं मिटले. काकांची प्रार्थना सुरू झाली. आधी थोरली लेक, मग मधली, मग धाकटी, मग जावई त्याच क्रमानं, मग नातवंडं, मग मधल्या जावयाच्या मोटरसायकलीचा क्लच. रश्श्यावर साय धरायला लागली. आणि मग मला ऐकू आलं:

"आनि हे स्वर्गीय बापा, वरच्या खोलीत तू जे लेकरू धाडलंस ते लई गुनी हाये. फक्त दात घासताना नळ चालू सोडून राह्यलंय. टाकी आठ वाजताच रिकामी होऊन राह्यली. त्याला तू सुबुद्धी दे."

मी एक डोळा किलकिला केला. काका खाली मान घालून अगदी मनापासून देवाशी बोलत होते. काकूंचे डोळे मिटलेले होते, पण ओठ हसत होते. काकांचं झाल्यावर काकूंनी आपली प्रार्थना जोडली. "हे प्रभू, यांलाही सांग, की लेकराला जेवायला बोलावून त्याची चहाडी करू नाही. आमेन."

त्या घराची ही रीतच होती. काकांना माणसाच्या तोंडावर काही बोलता यायचं नाही. चांगलं नाही आणि वाईट तर नाहीच. मग ते प्रार्थनेत सांगायचे, आणि ज्याला ऐकायचं तो बरोबर ऐकायचा. "बापा, भाजीत मीठ कमी असलं तरी आम्ही आनंदानं खातो," असं काका म्हणाले की काकू लगेच म्हणायच्या, "प्रभू, डॉक्टरांनी मीठ कुनाला कमी सांगितलं ते तुला माहीतच हाये." बेचाळीस वर्षांचा संसार या दोघांनी देवाला मधे घालून केला, आणि देवानंही कधी कंटाळा केल्याचं दिसलं नाही.

काकूंना मी एकदा विचारलं, हे असं पहिल्यापासूनच का? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मला बघायला आल्ते तवा चहा घेतला अन् घंटाभर गप बसले. माझे वडील बेजार झाले. मंग हे म्हन्ले, प्रार्थना करू. समद्यांनी डोळे मिटले, अन् प्रार्थनेत सांगून टाकलं, बापा, मुलगी पसंत हाये, आता तिच्या मनात काय हाये ते तू बघ." मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? काकू म्हणाल्या, "काय म्हननार? आमेन म्हन्लं."

काका वीज मंडळात लाइनमन होते. मी आलो तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असायचाच. रविवारी पांढऱ्या शर्टाच्या खिशातही तो असायचा, आणि माणसाला जागा दाखवायची तर ते बोटाऐवजी टेस्टर दाखवायचे. नोकरीत असताना दुपारी एक वाजला की कुठल्याही खांबावरून ते खाली उतरायचे आणि सायकल मारत घरी जेवायला यायचे. साहेबांनी दम दिला की डबा आणत जा. काकांनी डबा आणला. एक वाजता तो डबा सायकलीला लावून ते घरी आले आणि काकूंसमोर बसून खाल्ला. त्यानंतर साहेबांनी नाद सोडला.

संध्याकाळी सात वाजता तिन्ही लेकींना फोन व्हायचा, थोरलीपासून. प्रश्न ठरलेले. जेवलीस का, लेकरं काय करून राह्यलीत, गॅस बंद हाये का. मधली एकदा वैतागून म्हणाली, "पप्पा, सात वाजता गॅस बंद केला तर स्वयंपाक कशावर करू?" काकांनी निमूट फोन ठेवला आणि जेवताना देवाला कळवलं की मधलीचा स्वभाव आईवर गेला आहे.

मोसंबीच्या दिवसांत त्या घरात काकांशिवाय कुणी मोसंबी सोललेली मी पाहिली नाही. वरची साल, आतला पांढरा पापुद्रा, बिया, सगळं काढून ते फोडी ताटलीत मांडायचे आणि ताटली प्रत्येकाच्या हातात द्यायचे. लेकी माहेरी आल्या की मोसंबीपुढं नुसत्या बसून राहायच्या. थोरल्या जावयाला वाटायचं की आपल्या बायकोला मोसंबी सोलता येत नाही, आणि ते खरंच होतं. लेकी सासरी असल्या की ती ताटली माडीवर माझ्याकडं यायची. माझ्या घरी आठ एकर रान, पण माझ्यासाठी फळ सोलून कुणी जिना चढल्याचं मला आठवत नाही. त्या घरात मला फार लवकर आपलं वाटायला लागलं, त्याला ही ताटलीच कारण असावी.

पण काका पुरते बघायचे तर रविवारी. आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं दगडी चर्च होतं. काका तिथं पंच नव्हते, सेक्रेटरी नव्हते, कुठलंच पद त्यांनी घेतलं नाही. पण उपासनेच्या तासभर आधी जाऊन बाक पुसणं, पंखे एकेक करून लावून बघणं, माइकची वायर चिकटवणं, गीतांची पुस्तकं मांडणं, हे सगळं तेच करायचे. आणि घंटा झाली की दारात उभे राहायचे. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, मधे वाट. जुन्या मंडळींची ती पद्धत होती. इतरांना ती फक्त माहीत होती. काका तिची राखण करायचे.

मी काही धर्म बदलला नव्हता, आणि कुणी मला कधी तसं म्हणालंही नाही. पण उपासनेनंतर काकूंकडं मटण असायचं, आणि उपासनेला आलेल्याला त्या आधी वाढायच्या. त्यामुळं पुरुषांकडच्या शेवटच्या बाकावर, दाराजवळ, मी पुष्कळ रविवारी हजर असायचो. तिथून काकांचा कारभार चांगला दिसायचा.

पुण्याहून आलेलं नवं जोडपं हातात हात घालून आत शिरलं की काका त्यांच्या हातांच्या बरोबर मधून टेस्टर दाखवायचे, एक इकडं, एक तिकडं. नाताळला आमच्या चौकातले मारवाडी शेठ आणि शेठाणी हौसेनं यायचे. त्यांनाही सूट नाही. पहिल्या वर्षी शेठ जरा रुसले. पण शेठाणीनं जाताना काकांना सांगितलं, "बहुत अच्छा हुआ भाईसाब, दोन घंटे शांततेनं बसले." दुसऱ्या वर्षी ती स्वतःच उजवीकडं वळली.

एका नाताळची गोष्ट तर काका घरी हसून हसून सांगायचे. कुंभार पिंपळगावहून एक म्हातारा आपल्या म्हातारीला घेऊन आला होता. म्हातारीला जवळजवळ दिसत नव्हतं. म्हाताऱ्यानं तिचा हात धरलेला. काकांनी तो सोडवला, म्हातारीला एका बाईच्या शेजारी बसवलं आणि म्हाताऱ्याला डावीकडं धाडलं. उपासना चालू झाली, आणि थोड्या थोड्या वेळानं म्हातारी भर चर्चमध्ये मोठ्यानं विचारायची, "अवो, हायेत का?" आणि पलीकडून म्हातारा म्हणायचा, "हाये." पाळकांचं प्रवचन चालू, आणि मधेच, "अवो, हायेत का?" "हाये." सगळी मंडळी तोंडाला रुमाल लावून बसलेली. मीही हसलो होतो. म्हाताऱ्याचा आवाज काढून दाखवण्यात काकांचा हातखंडा होता.

मी एकदा धीर करून त्यांना विचारलं, "काका, नवरा-बायको जवळ बसले तर देवाचं काय बिघडतं?"

काकांनी खिशातला टेस्टर काढून परत ठेवला. ते डोळे मिटून मला प्रार्थनेतच उत्तर देतात की काय, असं वाटलं. मग पायाकडं बघत म्हणाले, "देवाचं काय बिघडत न्हाई. पन तुला सांगतो, जवळ बसलेलं मानूस दिसत न्हाई. तू बसमध्ये बसला, तर शेजारच्याचं तोंड तुला दिसतं का? समोरच्याचं दिसतं. मी हिला पैल्यांदा बघितलं ते इकडच्या बाजूनं. ती तिकडं तिसऱ्या बाकावर. मधे वाट. आजबी मी दारात उभा ऱ्हायलो की ती मला बराबर दिसती."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम दारापाशी उभा राहून बघितलं. काकू तिसऱ्या बाकाच्या कडेला, वाटेला लागून बसायच्या. दारातून त्यांचा डावा कान, केसातलं फूल आणि गीताचं पुस्तक धरलेला हात दिसत होता. बेचाळीस वर्षं माणूस दारात उभा राहत होता तो कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

मग नवे पाळक आले. तरुण, शिकलेले, नगरकडचे. त्यांनी मंडळीच्या सभेत सुचवलं, की कुटुंबानं एकत्र बसावं, काळ बदलला आहे. तरुण मंडळींनी माना डोलावल्या. बायकाही अनुकूल दिसल्या. ठराव पास होणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. तेवढ्यात काका उठले आणि म्हणाले, "निर्णयाआधी प्रार्थना करू." याला कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी डोळे मिटले.

ती प्रार्थना वीस मिनिटं चालली. काकांनी देवाला सांगितलं, की आमच्या वाडवडिलांनी ही वाट मधे ठेवली, तिची राखण आम्हाला करू दे. तरुणांना चांगलं समजतं, पण जल्दी करू नये हे त्यांना समजव. पाळकसाहेब लई हुशार आहेत, त्यांना दीर्घायुष्य दे, आणि जुन्याला हात लावण्याआधी थांबायची बुद्धी दे. प्रार्थना करणाऱ्याला मधे अडवता येत नाही. आणि शेवटी काका म्हणाले, "जसं हाये तसं तू राखून ठेव, येवढंच येशूच्या नावानं मागतो." आणि सगळ्या मंडळीनं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, एका आवाजात म्हटलं, "आमेन."

पाळकांनी डोळे उघडले आणि ठरावाचा कागद घडी करून खिशात ठेवला. ज्याला सगळी मंडळी आमेन म्हणाली, त्याच्याविरुद्ध मत तरी कसं घेणार? घरी आल्यावर काकूंनी मात्र जेवणाआधी देवाला सांगितलं, "प्रभू, यांनी आज तुझ्या नावावर स्वतःचं काम करून घेतलं. तू बघितलंच असशील." काका त्या दिवशी फारच आनंदानं जेवले.

त्यानंतर चार महिन्यांनी काकूंना लकवा मारला. सकाळी चहाचं भांडं हातातून पडलं आणि डावी बाजू गेली. संभाजीनगरच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून त्या घरी आल्या. जीव वाचला होता. बोलणं जड झालं होतं, तोंडाची डावी कड ओघळायची, आणि बसवलं तर त्या हळूहळू डावीकडं कलायच्या. कुणीतरी त्या बाजूला खांदा लावून बसायला लागायचं. लेकी पाळीपाळीनं आल्या, राहिल्या आणि आपापल्या संसाराला गेल्या. मग काकांनी सगळं अंगावर घेतलं. वेणी घालायलाही ते शिकले. पहिल्या वेण्या अशा घट्ट यायच्या की काकूंच्या भुवया वर चढायच्या.

काकूंना एकच पाहिजे होतं. चर्चला जायचं. रविवारी घंटा झाली की त्या दाराकडं बघायच्या. चाकाची खुर्ची आणली होती, चर्च दोनशे पावलांवर होतं. पण तिथं त्यांच्या डावीकडं बसायला कोण? शेजारच्या बायका म्हणाल्या, आम्ही बसू. काकूंनी मान हलवली. तोंड पुसायला लागायचं, पदर सावरायला लागायचा, आणि त्यांना दुसऱ्या कुणाचा हात नको होता. "न्हाई," त्या जड जिभेनं म्हणाल्या. "हेच पायजेत."

आणि हे तर बायकांकडं बसू शकत नव्हते. स्वतःच मांडून ठेवलेलं होतं सगळं.

पाळक घरी आले. त्यांच्या मनात जुनं काही नव्हतं. म्हणाले, "काका, तुम्ही त्यांच्याजवळ बसा. कोण काय म्हणणार आहे?" काका जमिनीकडं बघत म्हणाले, "साहेब, आमेन झालेलं हाये. मी समद्यांला अलग करायचं अन् मी सोता जाऊन बसायचं? बराबर न्हाई ते." पाळक गेले. त्यानंतरचे आठ-नऊ रविवार काकांनी घरातच उपासना केली. बाजेवर काकू, खुर्चीवर काका, दारात मी. काका गीतं म्हणायचे, वचन वाचायचे. काकू ऐकायच्या, पण त्यांचा डोळा दाराकडं. एका रविवारी काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि काका वाचता वाचता थांबले. त्या दुपारी मोसंबीची ताटली भरून तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माडीवर आले. म्हणाले, "कुंभार पिंपळगावला येतो का माझ्याबरोबर? रस्त्यात सांगतो." शेजारच्या बाईला काकूंजवळ बसवून आम्ही बसनं निघालो. अंबडच्या पुढं गेल्यावर काका म्हणाले, "तो म्हातारा. आवाज काढून दाखवायचो मी त्याचा." आणि खिडकीकडं तोंड केलं.

म्हातारा सापडला. घरापुढं लिंबाखाली बाजेची सुंभाची वीण घट्ट करत बसला होता. त्यानं काकांना ओळखलं. पाणी दिलं. काका बसले, उठले, परत बसले. शेवटी म्हणाले, "बाबा, प्रार्थना करू का?" आणि डोळे मिटले.

म्हातारा म्हणाला, "कर की. पन आधी काय काम काढलंस ते सांग."

"प्रार्थनेतच सांगतो."

"डोळे उघड," म्हातारा म्हणाला. "देव कुठं पळून न्हाई चालला. मी इथं हाये. माझ्याकडं बघून बोल."

काकांनी डोळे उघडले. माझ्या देखत काका माणसाच्या डोळ्यात बघून बोलले ते पहिल्यांदा. "नाताळाला तुमी आल्ते. मी तुमचा हात सोडवला मालकिनीच्या हातातून. तिला दिसत नव्हतं. ती हाक मारून राह्यली होती अन् मी हसलो. घरी जाऊन बी हसलो. चुकलं माझं."

म्हाताऱ्यानं सुंभ खाली ठेवलं. मला वाटलं आता हा हाकलून देणार. मग म्हणाला, "ती बसमध्ये हसत होती. म्हन्ली, उभ्या जल्मात तुमी मला दहा लोकांत वो दिली न्हाई, आज दिली. तिला गोड वाटल्तं." त्यानं आपल्या तळहाताकडं बघितलं. "मला न्हाई वाटलं. दोन घंटे हात मोकळा ऱ्हायला माझा."

काका खाली बघायला लागले, पण मग आठवून त्यांनी मान वर केली.

"ती गेली," म्हातारा म्हणाला. "दोन वर्सं झाली. तुझी हाये ना?"

"हाये."

"मंग इथं काय करून राह्यला? दुपारची बस हाये. जा."

आम्हाला त्यानं चहासुद्धा दिला नाही. बस चुकू नये म्हणून.

त्या रविवारी मी खुर्ची ढकलत काकूंना चर्चमध्ये नेलं. काकांनी त्यांना उचलून बायकांकडच्या तिसऱ्या बाकावर, वाटेच्या कडेला बसवलं, कुशीला उशी लावली आणि दारात येऊन उभे राहिले. उपासना सुरू झाली. उशी काही पुरली नाही. दुसऱ्या गीतापर्यंत काकू डावीकडं कलायला लागल्या. शेजारच्या बाईनं हात पुढं केला, काकूंनी उजव्या हातानं तो बाजूला सारला. सगळं चर्च बघत होतं. सूचनांची वेळ आली, आणि काका मधल्या वाटेनं सरळ पुढं गेले आणि माइक हातात घेतला.

सगळ्यांनी सवयीनं डोळे मिटून माना खाली घातल्या.

"माना वर करा," काका म्हणाले. "प्रार्थना न्हाई ही."

माना वर आल्या. काकांचे डोळे उघडे होते. "मला बायांला इचारायचंय. मी माझ्या मालकिनीजवळ बसू का? तिला माझ्याबिगर कुनाचा हात चालत न्हाई. मी लई जनांला अलग बसवलं. ज्याला वाईट वाटलं असंल त्यानं मला माफ करावं. तुमी न्हाई म्हन्ल्या तर मी तिला घरी घेऊन जातो, माझा राग न्हाई."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. या माणसानं इथल्या कितीतरी बायकांना त्यांच्या नवऱ्यांपासून दूर बसवलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. मग तिसऱ्या बाकावरची सर्वांत वयस्कर बाई शेजारणीला कोपरानं म्हणाली, "सरक." शेजारीण सरकली, तिच्या पलीकडची सरकली, आणि सगळ्या बाकाभर साड्यांची सळसळ झाली. शेवटच्या बाईला जागाच उरली नाही, ती उठून मागच्या बाकावर गेली. काकूंना दोघींनी हलकेच आत सरकवलं, आणि वाटेच्या कडेला, त्यांच्या डाव्या हाताला, एका माणसाची जागा झाली.

काकांनी माइक जागेवर ठेवला, आले आणि बसले. खांदा लावला, खिशातून रुमाल काढून काकूंचं तोंड पुसलं. काकू काहीतरी म्हणाल्या आणि आसपासच्या बायका हसल्या. नंतर मी विचारलं तेव्हा कळलं, त्या म्हणाल्या होत्या, "दार तसंच सोडून आले का?"

यामुळं काका सुधारले असं समजू नका. पुढच्या रविवारपासून ते बायकांकडच्या तिसऱ्या बाकावर बसूनच मान मागं वळवायचे आणि टेस्टर दाखवून जोडप्यांची फोड करायचे. पाळकांनी हसत विचारलं, आता तरी ठराव घ्यायचा का? काका म्हणाले, "न्हाई. नियम चांगला हाये. मी मोडून राह्यलो, ती माझी गरज हाये." पाळकांनी तो कागद पुन्हा कधी बाहेर काढला नाही.

काकू पुढं चार वर्षं होत्या. चांगली वर्षं होती ती. काकांची वेणी सैल झाली. त्या आधीसारख्या भराभर बोलू शकत नव्हत्या, म्हणून काका आपली प्रार्थना आखडती घ्यायचे आणि काकूंच्या दोन शब्दांसाठी थांबायचे. माझं लग्न ठरल्यावर काकूंनी देवाला सांगितलं, "नळ. तिला सांग." माझी बायको अजून मला ते ऐकवते.

काकू गेल्या तेव्हा मी संभाजीनगरला बदलून गेलो होतो. पुढच्या नाताळला एकटाच आलो, शेवटच्या बाकावर बसलो आणि बघितलं तर काका बायकांकडच्या तिसऱ्या बाकावरच. त्यांच्या उजवीकडं एका माणसाची मोकळी जागा आणि पलीकडं बायका. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, आता तिकडं का बसता?" त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "पुरुषांकडं बसलो की तिची जागा समोर दिसती. तिच्याशेजारी बसलो की दिसत न्हाई. बरं वाटतं." आणि त्यांनी मला घरी नेऊन मोसंबी सोलून दिली.

काका गेल्या वर्षी गेले, दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत. धाकटीचा फोन आला आणि मी बायकोला घेऊन निघालो. चर्च गच्च भरलं होतं. दारात एक तरुण उभा होता, काकांनीच तयार केलेला. त्यानं हातानं दाखवलं, तुम्ही इकडं, वहिनी तिकडं. माझ्या बायकोनं कधी चर्च पाहिलेलं नव्हतं. त्या गर्दीत कुणी ओळखीचं नाही, समोर काकांची शवपेटी. तिनं माझी बाही घट्ट धरली. मला काय करावं कळेना, कारण नियम काकांचा होता, आणि तो आज तरी मोडायला नको होता.

तेवढ्यात बायकांकडच्या तिसऱ्या बाकावरची एक म्हातारी बाई वळली. तिनं आम्हाला हातानं बोलावलं आणि शेजारणीला कोपरानं सरकवलं.

"या, बसा दोघं," ती म्हणाली. "ह्या बाकावर पुरुष चालतो."